काळोखाची नोंद

आमच्या घरात वडिलांचं एक छायाचित्र आहे. कालपरवापर्यंत ते कपाटात, एका पिवळ्या पाकिटात पडून होतं. भिंतीवर लावायचं धाडस कोणाला झालं नाही, कारण त्या छायाचित्रात वडील आरपार दिसतात. त्यांच्या सदऱ्यातून मागच्या होडीच्या फळ्या दिसतात, फळ्यांमधले सांधेसुद्धा मोजता येतात. आईनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उलटं करून ठेवलं. “जित्या माणसाचा असा फोटो काढतात का?” एवढंच ती म्हणाली. त्यानंतर या विषयावर घरात बोलणं झालं नाही.

त्या छायाचित्राची गोष्ट मी सांगणार आहे. पण ती नीट कळायची तर आधी दुसरी एक गोष्ट सांगावी लागेल. अंधारात छायाचित्र घ्यायला माणूस कसा शिकला आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या हौशी लोकांचा हात किती, ही ती गोष्ट.

मी दांडीचा. दांडी म्हटलं की लोकांना गांधीजींचा मिठाचा सत्याग्रह आठवतो. ती दांडी गुजरातेत, नवसारीजवळ. आमची पालघर जिल्ह्यात. बोईसर स्टेशनला उतरून पश्चिमेला समुद्राकडे गेलं की उच्छेळी-दांडी अशी जोडनावानं ओळखली जाणारी मच्छिमारांची गावं लागतात. आमच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की तीन दिशांना तीन तऱ्हा दिसतात. उत्तरेला तारापूर अणुऊर्जा केंद्राचे दिवे. देशातलं हे पहिलं अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झालं, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. पूर्वेला औद्योगिक वसाहतीचा तांबूस उजेड, जो आकाशात बराच वर चढलेला असतो. आणि पश्चिमेला समुद्र, म्हणजे काळोख. माझी हौस वाढली ती या तिसऱ्या दिशेच्या जोरावर.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर काम करत होतो. दुसरी पाळी सुटली की रात्रीचे साडेअकरा वाजायचे. अशा माणसानं छायाचित्रणाची हौस करायची ठरवली तर त्याच्या वाट्याला दिवस येत नाही, रात्रच येते. मुंबईच्या चोरबाजारातून मी एक जुना झेनिट कॅमेरा आणला. रशियन बनावटीचा, वजनाला दगड, पण पूर्ण यांत्रिक. त्याच्या चकतीवर एक तीसांश ते एक पाचशेंश सेकंद असे आकडे होते आणि शेवटी एक अक्षर होतं, ‘बी’. चकती त्या अक्षरावर आणली की कळ दाबून ठेवाल तितका वेळ झडप उघडी राहते. हा ‘बी’ म्हणजे ‘बल्ब’. दिव्याचा बल्ब नव्हे, रबराचा फुगा. जुन्या काळी छायाचित्रकार रबरी फुगा दाबून हवेच्या दाबानं झडप उघडत असत, त्याची ती आठवण.

खरं तर छायाचित्रणाचा जन्मच लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये झाला. फ्रान्समध्ये निएप्सनं १८२६-२७च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणारं दृश्य धातूच्या पत्र्यावर टिपलं. त्याला कित्येक तास लागले. त्या चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं, कारण तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला होता. पुढे १८३८ साली दागेरनं पॅरिसच्या एका रुंद रस्त्याचं चित्र घेतलं. भर दिवसाचा वर्दळीचा रस्ता, पण चित्रात तो ओस दिसतो. घोडागाड्या आणि माणसं हलत होती, म्हणून त्यांचा ठसा उमटलाच नाही. उमटला तो कोपऱ्यावर बुटांना पॉलिश करून घेत उभ्या असलेल्या एका माणसाचा. तो पाय पुढे करून थांबला होता, म्हणून इतिहासात राहिला. बूट पुसणारा मात्र पुसटसाच दिसतो, कारण त्याचे हात चालू होते.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला गंमत वाटली होती. आता तशी वाटत नाही. का, ते पुढे सांगतो.

छायाचित्रणाची विद्या आपल्याकडे लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. दोघेही पेशानं डॉक्टर. नारायण दाजींनी तर स्वतः कॅमेरा हाताळून चित्रं काढली आणि सोसायटीच्या कारभारातही भाग घेतला. १८५५च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रण शिकवायला सुरुवात झाली. तिथं शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. म्हणजे आपल्याकडे ही विद्या रुजवण्यात नारायण दाजींसारख्या हौशी मंडळींचा वाटा मोठा आहे. रोगी तपासून झाल्यावर उरलेल्या वेळात हे लोक काचा घासत आणि रसायनं कालवत बसायचे.

त्या काळातली मुंबईची चित्रं आज पाहिली तर शहर विलक्षण शांत वाटतं. मोठमोठ्या इमारती, रुंद रस्ते आणि त्यावर तुरळक माणसं. मुंबई तेव्हाही गजबजलेलीच होती. पण काच मंद होती. हमाल, भिस्ती, गाडीवान, टोपली डोक्यावर घेऊन जाणारी कोळीण, ही सारी काच ‘बघायच्या’ आत निघून गेलेली असायची. फार तर एखादा धुरकट फराटा मागे राही. मग अशा माणसांचं चित्र हवं असेल तर त्यांना स्टुडिओत आणून उभं करावं लागे. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या नाना जातिजमातींवरचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत काढला. त्यातली माणसं एका ठिकाणी टिपली आणि मागची दृश्यं दुसरीकडून आणून जोडली, असं त्याच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. कामकरी माणूस कामाच्या जागी कामात असताना टिपणं त्या यंत्राला जमत नव्हतं.

आता रात्रीकडे येऊ. सुरुवातीच्या काचा ओल्या असतानाच वापराव्या लागत. रसायन वाळलं की काच आंधळी. आपल्या उकाड्यात तर ती आणखी लवकर वाळायची. त्यामुळे तासभर झडप उघडी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. १८७१ साली इंग्लंडमधल्या मॅडॉक्स नावाच्या एका डॉक्टरनं, पुन्हा डॉक्टरच बघा, जिलेटिनच्या कोरड्या काचेचा शोध लावला. ही काच हवा तितका वेळ उघडी ठेवता येऊ लागली आणि रात्रीचं आकाश माणसाच्या हाती आलं. १८८० साली अमेरिकेत हेन्री ड्रेपरनं मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं चित्र ५१ मिनिटं काच उघडी ठेवून घेतलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन या हौशी निरीक्षकानं त्याच तेजोमेघाचं असं चित्र घेतलं की दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारे त्यात उमटले. इथं एक मोठी गोष्ट घडली. डोळा क्षणाक्षणाला नवं बघतो, आधीचा उजेड साठवत नाही. काच साठवते, थेंबे थेंबे तळे साचे तशी.

हे काम लवकरच पुण्यात सुरू झालं. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि सरकारच्या मदतीनं पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख. त्यांच्याकडे वीस इंची आरशाची दुर्बीण होती, त्या काळात देशातली सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होतं आणि त्याचा पट्टा सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून जात होता. नायगमवाला आपली यंत्रं घेऊन जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथंच आली होती. दिवस प्लेगचे होते. पुण्या-मुंबईत माणसं मरत होती, गावं रिकामी होत होती. आणि जेऊरच्या माळावर ही मंडळी साधारण दोन मिनिटांच्या काळोखासाठी सगळी तयारी करून बसली होती. ते दोन मिनिटं चुकले तर सगळं वाया. ते चुकले नाहीत. नायगमवालांचा जेऊरच्या वेधांवरचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि ती मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली.

त्याच १९१२ साली मुंबईत दादासाहेब फाळके एका कुंडीसमोर बसले होते. कुंडीत वाटाणा पेरला होता. कॅमेरा जागचा न हलवता ते थोड्या थोड्या अवधीनं चित्रं घेत गेले. ती सलग दाखवली तेव्हा पडद्यावर बी फुटून अंकुर वर येताना दिसला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ती चित्रफीत ओळखली जाते. भांडवल देणाऱ्याची खात्री पटवण्यासाठी ती केली होती आणि त्यातूनच पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तांत्रिकदृष्ट्या हे लांबलेलं एक्स्पोजर नव्हे, पण जातकुळी तीच. कॅमेरा एका जागी रोवून बसायचं आणि आपल्याला वाट बघता येते यावर विश्वास ठेवायचा.

पुढे रात्रीचं छायाचित्रण आकाशातून रस्त्यावर उतरलं. पॅरिसमध्ये ब्रासाई नावाचा छायाचित्रकार १९३०च्या दशकाच्या आरंभी रात्रभर गल्ल्यांतून हिंडायचा आणि एक्स्पोजरची वेळ सिगरेटवर मोजायचा. उजेड असला तर एका जातीची सिगरेट संपेपर्यंत, अंधार जास्त असला तर दुसऱ्या जाडजूड सिगरेटची वेळ. मी सिगरेट ओढत नाही. मी पाढे म्हणायचो. ‘बे एके बे’पासून ‘बे दाहे वीस’पर्यंत सावकाश म्हटलं की दहा सेकंद होतात. चाळीस सेकंद हवे असतील तर चार वेळा. अंधारात घड्याळ दिसत नाही आणि विजेरी लावली तर डोळे दिपतात. पाढ्याला उजेड लागत नाही.

या हौशीत मला जे शिकावं लागलं ते पुस्तकापेक्षा किनाऱ्यानं जास्त शिकवलं. ओल्या वाळूत तिपाई हळूहळू खचते आणि तीस सेकंदांत चित्र हलतं. त्यावर उपाय म्हणजे तिन्ही पायांखाली नारळाच्या करवंट्या पालथ्या घालायच्या. खारी हवा भिंगावर बसते, म्हणून खिशात मलमलचा तुकडा हवा. आणि भरतीचं गणित पाठ हवं. आमच्याकडचा जुना ठोकताळा असा की जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, अमावास्येला साधारण सव्वाअकरा-बारा. ताऱ्यांसाठी अमावास्या सर्वांत चांगली आणि उधाणही त्याच दिवशी सर्वांत मोठं. जी रात्र छायाचित्रकाराला हवी, तीच त्याला ओलं करणारी.

आणखी एक अडचण खास आमच्या गावची. ताऱ्यांची गोल वर्तुळं दाखवणारी चित्रं तुम्ही पाहिली असतील. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. कॅमेरा ध्रुवाकडे रोखून झडप तासभर उघडी ठेवली की तारे ध्रुवाभोवती कमानी काढतात. दांडीहून ध्रुव क्षितिजापासून साधारण वीस अंश वर, म्हणजे हात लांब करून दोन मुठींवर दिसतो. पण तो उत्तरेला, म्हणजे बरोबर अणुऊर्जा केंद्राच्या बाजूला. तिकडे कॅमेरा रोखायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि तो योग्यच आहे. म्हणून माझ्या दांडीच्या चित्रांत वर्तुळं नाहीत. पश्चिमेकडे तोंड करून घेतलेल्या त्या तिरप्या रेघा आहेत, समुद्रात उतरत गेलेल्या. वर्तुळांसाठी मला हरिश्चंद्रगडावर जावं लागलं. वडिलांना मी या रेघा दाखवल्या तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, “तारे चालतात हे तुला आत्ता कळलं?” समुद्रातून परतताना ध्रुव डाव्या खांद्यावर ठेवून ते जन्मभर घरी आले होते.

आता ते छायाचित्र. १९९७च्या वसंतात हेल-बॉप धूमकेतू आला होता. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. संध्याकाळ झाली की वायव्येला, नुसत्या डोळ्यांनी शेपटीसकट दिसायचा. मुंबईतल्या खगोल मंडळाची, पुण्यातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची मंडळी तेव्हा लोकांना आकाश दाखवत होती. परिसंस्था तर १९४४ पासून हे काम करते आहे. मी एकटाच होतो, पण माझ्याकडे समुद्र होता. ७ एप्रिलला अमावास्या होती, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. मी पाळी बदलून घेतली.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी होती. अंधार पडला तेव्हा पाणी परत वर येऊ लागलं होतं, पण लांब होतं. वाळूवर आमची होडी होती. केंद्राचे दिवे माझ्या उजव्या हाताला पुष्कळ बाजूला राहतील आणि धूमकेतू होडीच्या वर येईल अशी जागा मी शोधली. मग वाटलं, होडीशेजारी बाबा उभे राहिले तर? वडिलांचा घरात एकही धड फोटो नव्हता. ओळखपत्रापुरता जो काय असेल तो. मी त्यांना बोलावून आणलं. कंदिलाची वात बारीक करून त्यांच्या पायाशी ठेवली आणि सांगितलं, “बाबा, हलायचं नाही. चार पाढे होईपर्यंत.”

ते हसले, होडीच्या काठावर हात ठेवला आणि उभे राहिले. मी कळ दाबली. पहिला पाढा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या सुरुवातीला ते एकदम निघाले आणि माझ्या अंगावरूनच धावत मागे गेले. मी वैतागलो. पण झडप बंद केली नाही, चारही पाढे पूर्ण केले. मग वळून पाहिलं तर ते माझी पिशवी छातीशी धरून उभे होते. मी पिशवी मागे, वाळूच्या एका खोलगट जागी ठेवली होती आणि तिथं पाणी बाजूनं वळून आलं होतं. पिशवीत दुसरं भिंग होतं, दोन महिन्यांच्या पगारातून घेतलेलं. माझी पाठ पाण्याकडे होती, त्यांची नजर होती. मी म्हटलं, “आता परत उभं राहायला पाहिजे.” ते म्हणाले, “आता जाळ्याचं बघायचंय,” आणि गेले.

रोल बोईसरच्या एका स्टुडिओत धुवायला दिला. तिथल्या माणसानं ते चित्र छापलंच नाही, कोरं आहे म्हणाला. रात्रीच्या चित्रांचं असं व्हायचं. यंत्राला काळी चौकट दिसली की ती वाया गेलेली समजायची. कधी तर चौकट कुठं संपते ते न कळल्यामुळे फिल्म भलत्याच जागी कापली जायची. म्हणून रोलमधलं पहिलं चित्र दिवसाउजेडी घ्यायचं, हे मी नंतर शिकलो. पट्टी उजेडासमोर धरली तेव्हा मला धूमकेतू दिसला आणि मी आग्रह धरून छापून घेतली. होडी स्पष्ट आली होती. धूमकेतू जरासा लांबट, कारण चाळीस सेकंदांत तोही सरकला होता. आणि मध्ये वडील, निम्मे. वीस सेकंद ते तिथं होते, वीस सेकंद नव्हते. फिल्मनं दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे नोंदवल्या.

२००३ साली वडील गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा होता तेव्हा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात डोळे ताठ, चेहरा घाबरलेला. माझ्या ओळखीचा माणूस त्यात नव्हता. पाकिटातलं चित्र काढावं असं मला वाटलं, पण आईकडे पाहून मी गप्प बसलो.

पुढची वर्षं आमच्या किनाऱ्यावर भराभर गेली. २००५ आणि २००६ साली तारापूरच्या दोन नव्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांमधून वीजनिर्मिती सुरू झाली. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही शेजारची गावं उठली. त्या गावांचं एकही रात्रीचं चित्र माझ्याकडे नाही. तेव्हा मी आकाशाकडे बघत होतो. शेजारच्या वस्तीतले मिणमिणते दिवे टिपण्यासारखे आहेत असं मला वाटलं नाही. ही चुटपूट मला अजून आहे. २६ नोव्हेंबर २००८ नंतर तर रात्री तिपाई घेऊन किनाऱ्यावर उभं राहणं सोपं राहिलं नाही. एकदा मला दोन तास बसवून ठेवलं होतं, प्रत्येक चित्र कशाचं ते विचारत. मी रागावलो नाही. अतिरेकी याच समुद्रातून आले होते. तेव्हापासून मी आधी कळवून जातो आणि हे प्रत्येक हौशी माणसाला सांगतो.

आता कॅमेरे बदलले. २०१८ नंतर तर फोनमध्येच रात्रीचं चित्र येऊ लागलं. फोन भराभर अनेक चित्रं घेतो आणि आतल्या आत ती जुळवून एक करतो. हललेला भाग तो स्वतःच काढून टाकतो. पाढे म्हणावे लागत नाहीत. सोय मोठी आहे, मी ती नाकारत नाही. पण उपकरणं सुधारत गेली तसा काळोख कमी होत गेला. २०१६ साली शास्त्रज्ञांनी उजेडाचा जागतिक नकाशा काढला, तेव्हा जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक माणसांना आपल्या घरावरून आकाशगंगा दिसत नाही असं आढळलं. आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, देशात पहिली. वाघासाठी राखलेल्या जंगलात काळोखही राखला गेला. आमच्याकडे तसं काही होणार नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर आलं की दिवे येतील. बंदर हवं की नको यावर आमच्या किनाऱ्यावर भांडणं झाली आहेत आणि तो आजचा विषय नाही. मी एवढंच करतो की दर अमावास्येला, आभाळ मोकळं असेल तर, त्याच जागेवरून, त्याच दिशेला, तेवढ्याच वेळाचं एक चित्र घेतो. जुनी चित्रं शेजारी ठेवली की पश्चिमेचं आकाश वर्षागणिक कसं फिकं होत गेलं ते दिसतं. क्षितिजावर पूर्वी होड्यांच्या दिव्यांच्या बारीक तांबूस रेघा असत, पुढे पांढऱ्या झगझगीत रेघा आल्या. एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर २०१७ साली केंद्र सरकारनं बंदी घातली, त्यामागची गोष्ट मला या रेघांमधून कळली होती.

मराठीत या कलेला दोन नावं आहेत, छायाचित्र आणि प्रकाशचित्र. रात्रीचं काम करताना मला दोन्ही खरी वाटतात. पण तिसरी एक गोष्ट त्यात असते आणि ती म्हणजे वेळ. कोण किती वेळ थांबलं, याचा तो हिशोब असतो. दागेरच्या रस्त्यावरचा बूट पुसणारा, मुंबईच्या काचांवरून पुसली गेलेली कोळीण आणि माझे वडील, ही माणसं धूसर झाली कारण त्यांचे हात रिकामे नव्हते. जुन्या छायाचित्रात रस्ता ओस दिसला तर तिथं कोणी नव्हतं असं समजू नका. बहुधा तिथं खूप माणसं होती आणि सगळी कामात होती.

गेल्या दिवाळीत माझ्या नातवाला ते पाकीट सापडलं. त्यानं चित्र आईपुढं, म्हणजे त्याच्या पणजीपुढं धरलं. तिची नजर आता अधू झाली आहे. तिनं ते खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे असे का निघाले?” मी तिला पिशवीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत मी ती कधी सांगितलीच नव्हती, तिनंही विचारली नव्हती. ती म्हणाली, “म्हणजे धावले ते. एका जागी कधी उभे राहिले का!” मग चित्र माझ्या हातात देत म्हणाली, “लाव. पण हार घालू नकोस.”

आता ते रेडिओच्या वरच्या भिंतीवर आहे. हार घातलेला नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)